खेड्यातील बालवाडी : सरकारी पैसा व गावाचे कर्तव्य

भातलावणी, खुरपणी किंवा कापूसवेचणी सुरू झाली म्हणजे घरातील कर्ती स्त्री दिवस उगवताच शेतावर जाते. तीन-चार वर्षांचे मूल मग एक तर बांधावरील झाडाखाली बसविले जाते, नाही तर थोरल्या बहिणीच्या हवाली केले जाते. पहिल्या प्रकारात मुलाची आबाळ होते व विंचू-सापाचे भय राहते; दुसऱ्या प्रकारात थोरल्या मुलीची शाळा बुडते. म्हणून बालवाडीचा प्रश्न शेतीच्या हंगामाशीही जोडलेला आहे.

शिवाय हे वय फिरून येत नाही. रोपवाटिकेत खुरटलेले रोप पुढे कितीही खत घातले तरी जोमाने वाढत नाही, हे शेतकरी जाणतोच. तीन ते सहा ह्या वयात पोटभर सकस अन्न, स्वच्छतेच्या सवयी, भाषा व खेळ ह्यांची जोड मिळाली, तर मूल पहिल्या इयत्तेत टिकते.

कल्पनेचा उगम

खेड्यातील बालवाडीचा प्रयोग प्रथम सरकारने केलेला नाही. बालशिक्षणाचे कार्य गिजुभाई बधेका ह्यांच्याबरोबर भावनगर येथे केलेल्या ताराबाई मोडक ह्यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले. अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. बोर्डी तेव्हा ठाणे जिल्ह्यात होते. २०१४ पासून ते पालघर जिल्ह्यात आहे.

शहरातील बालमंदिराची महाग साधने खेड्याला परवडणारी नव्हती. त्यांच्या जागी पाने, बिया, शंख, शिंपले अशी फुकट मिळणारी साधने वापरात आली. गरीब वस्तीतील मुले बालवाडीत येत नाहीत, असे दिसून येताच बालवाडीच त्यांच्या अंगणात नेण्यात आली. अंगणवाडी हे नाव ह्यातून रूढ झाले. पुढे कोसबाडच्या टेकडीवर पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकत्र चालविण्याचा विकासवाडीचा प्रयोग झाला. लहान भावंडे जवळच सांभाळली जात असल्याने थोरल्या मुलीला शाळेत बसणे शक्य झाले.

सरकारी योजना

स्वातंत्र्यानंतर १९५३ मध्ये स्थापन झालेल्या केंद्रीय समाजकल्याण मंडळाने ग्रामीण बालवाड्यांना अनुदान दिले. परंतु जेथे संस्था होती तेथेच असे अनुदान पोहोचे. ही उणीव भरून काढण्यासाठी २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातील ३३ प्रकल्पांत एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली. पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, दवाखान्याकडे पाठविण्याची सोय, पूर्वशालेय शिक्षण आणि मातांसाठी आहार व आरोग्यशिक्षण ह्या सहा सेवा एका ठिकाणी मिळाव्यात, हा तिचा हेतू होय.

सर्वसाधारण भागात ४०० ते ८०० लोकवस्तीमागे एक, व आदिवासी किंवा डोंगराळ भागात ३०० ते ८०० लोकवस्तीमागे एक अंगणवाडी असावी, असा निकष ठरला. सर्वोच्च न्यायालयाने १३ डिसेंबर २००६ रोजी आणखी एक महत्त्वाचा आदेश दिला. ज्या वस्तीत सहा वर्षांखालील किमान ४० मुले आहेत व अंगणवाडी नाही, त्या वस्तीने मागणी केल्यास तीन महिन्यांच्या आत ती द्यावयाची, असा तो आदेश होय. २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याने सहा महिने ते सहा वर्षे वयाच्या बालकाला अंगणवाडीतून विनामूल्य आहार मिळण्याचा हक्क दिला.

पैसा कोठून येतो

आरंभी व्यवस्थेचा खर्च केंद्र सरकारकडे व आहाराचा खर्च राज्यांकडे होता. राज्यांची तिजोरी अपुरी पडे तेथे आहारही अपुरा पडे. म्हणून २००५-०६ पासून आहाराचा निम्मा खर्च केंद्राने उचलला. व्यवस्थेच्या खर्चात २००९-१० पासून केंद्राचा ९० व राज्याचा १० टक्के असा वाटा ठरला. पुढे महाराष्ट्रासारख्या राज्यांसाठी हे प्रमाण ६० व ४० असे झाले.

आकडा मांडून पाहिला म्हणजे गोष्ट स्पष्ट होते. २०१७ मध्ये आहाराचा दर दर मुलामागे दररोज ८ रुपये ठरविण्यात आला. वर्षाचे दिवस ३०० धरलेले आहेत. ३० मुलांच्या अंगणवाडीत ह्या दराने वर्षाला ७२,००० रुपयांचा आहार होतो. त्यांपैकी ३६,००० रुपये केंद्राचे व ३६,००० रुपये राज्याचे. अंगणवाडी महिन्यातून पाच दिवस बंद राहिली, तर ह्या ३० मुलांच्या ताटातील १,२०० रुपयांचे अन्न त्या महिन्यात नाहीसे होते. अति कमी वजनाच्या बालकासाठी ह्याच वेळी १२ रुपयांचा दर ठरला.

सेविकेचे मानधन केंद्रीय योजनेत १ ऑक्टोबर २०१८ पासून दरमहा ४,५०० रुपये व मदतनिसाचे २,२५० रुपये असे धरण्यात आले. त्यावर राज्य सरकारे आपल्याकडून भर घालतात. मुलांना शिकविणे, वजने घेणे, आहार वाटणे, घरोघर भेटी देणे व नोंदी ठेवणे ही सारी कामे सेविकेकडेच असतात, हे ध्यानात घेता गावाने तिच्या पाठीशी उभे राहणे अगत्याचे आहे.

गावाचा वाटा

सरकारी पैशाने अंगणवाडी उघडते. ती नीट चालणे गावावर अवलंबून असते. महाराष्ट्रात ग्रामपंचायतीने आपल्या स्वतःच्या उत्पन्नापैकी १० टक्के रक्कम महिला व बालकल्याणासाठी खर्च करावयाची असते. ज्या पंचायतीची घरपट्टी व इतर वसुली मिळून दोन लाख रुपये होते, तिला वर्षाला २०,००० रुपये ह्या कामी घालता येतात. नळाची जोडणी, छपराची दुरुस्ती, शौचालय, बसण्याच्या चटया, वजनकाटा व खेळणी अशा गरजा त्यातून भागतात. वसुलीच झाली नाही, तर दहावा हिस्साही हाती येत नाही. सबब घरपट्टी वेळेवर भरणे हेही बालवाडीचेच काम समजावे.

परसबागेतील शेवगा, पालक, भोपळा व पपई ही शेतकऱ्याला सहज देता येण्याजोगी मदत होय. अंगणवाडीच्या सांडपाण्यावर चार शेवग्याची झाडे उत्तम जगतात.

कार्यकर्त्यांनी व पालकांनी काय करावे

(१) वस्तीतील सहा वर्षांखालील मुलांची यादी नावानिशी करावी. अंगणवाडी नसल्यास ग्रामसभेचा ठराव करून तो यादीसह बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांकडे पाठवावा व पोच घ्यावी.

(२) दूरच्या पाड्यांवरील व ऊसतोडीसाठी आलेल्या कुटुंबांची मुले यादीतून सुटणार नाहीत, ह्याची विशेष खबरदारी घ्यावी.

(३) अंगणवाडी किती दिवस उघडी होती व आहार किती मुलांना मिळाला, हे दर महिन्यास मातांच्या बैठकीत वाचून दाखवावे.

(४) ग्रामपंचायतीचे अंदाजपत्रक तयार होण्यापूर्वी सेविकेकडून गरजांची यादी घ्यावी. अंदाजपत्रकानंतर आलेली मागणी बहुधा पुढील वर्षावर जाते.

(५) मुलाचे वजन दोन महिने वाढले नाही, तर त्यास प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यावे. आहार वाढविला म्हणजे पुरे, असे मानू नये.

(६) शेतीकामाच्या ऐन हंगामात अंगणवाडीची वेळ मातांच्या कामास सोयीची ठेवता येईल काय, ह्याचा विचार सेविका व पर्यवेक्षिका ह्यांच्यासह करावा.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने पहिल्या इयत्तेपूर्वीची तीन वर्षे शिक्षणाच्या पायाभूत टप्प्यात गणली आहेत. हा पाया गावात कसा बांधला जात आहे, हे पाहण्याचा अधिकार व जबाबदारी ग्रामसभेची आहे. ज्या गावात पेरणीपूर्वी बियाण्याची उगवण तपासली जाते, त्या गावाने अंगणवाडीतील मुलांच्या वजनाचा तक्ताही तितक्याच आस्थेने तपासावा.