खाटेपासून भट्टीपर्यंत : कतारमधील रुग्णालयीन कचऱ्याचा मागोवा

1957 मध्ये दोह्यात रुमैला रुग्णालय सुरू झाले, तेव्हा काचेच्या सिरिंजा उकळून पुन्हा वापरण्याची रीत सर्वत्र रूढ होती. 1979 मध्ये अमिरी फर्मानाने हमाद वैद्यकीय महामंडळ स्थापन झाले, 1982 मध्ये हमाद जनरल रुग्णालय उघडले, आणि तोवर एकदाच वापरावयाच्या प्लास्टिकच्या सिरिंजेने काचेची सद्दी संपवीत आणली होती. रुग्णाला तिने अभय दिले. परंतु वापरलेली प्रत्येक सुई आता कोणीतरी वाहून नेणे भाग होते, आणि ते हात बहुधा पोटासाठी परमुलखातून आलेल्या सफाई कामगाराचेच असत.

कायद्याची दृष्टी प्रथम या प्रवासाच्या अखेरीकडे वळली. घातक कचऱ्याच्या सीमापार वाहतुकीला आळा घालणारा बाझल करार कतारने 1995 मध्ये मान्य केला. 2002 च्या पर्यावरण संरक्षण कायद्याने, म्हणजे त्या वर्षीच्या 30 क्रमांकाच्या कायद्याने, असा कचरा विनापरवाना हाताळण्यास मनाई केली. आणि कतारने 2004 मध्ये स्वीकारलेल्या स्टॉकहोम कराराने रुग्णालयीन कचऱ्याच्या भट्ट्यांची गणना डायॉक्सिनच्या प्रमुख उगमांत केलेली होती. क्लोरीनयुक्त प्लास्टिक मंद आचेवर जळाले की हे विष निपजते, म्हणूनच भट्टीच्या दुसऱ्या कक्षात धूर हजार अंशांहून अधिक उष्णतेत निदान दोन सेकंद धरून ठेवावा लागतो. हा सारा बंदोबस्त आवश्यकच. तथापि भट्टीत काय जावे याचा निर्णय खाटेपाशी, सुई टोचणारा हात ती कोणत्या डब्यात टाकतो त्या क्षणी, होऊन गेलेला असतो, आणि माझ्या मते या साऱ्या इतिहासाचे मर्म तेथेच आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने रुग्णालयातील सुमारे 85 टक्के कचरा घरगुती कचऱ्यासारखाच निरुपद्रवी असतो. पण त्यात चुकून पडलेली एखादी सुई पिशवी उचलणाऱ्याच्या बोटात शिरली, आणि ती हेपॅटायटिस बी झालेल्या रुग्णाची असली, तर लस न घेतलेल्या शंभरांपैकी तिसांपर्यंत माणसांना तो रोग जडू शकतो.

29 फेब्रुवारी 2020 रोजी कतारमध्ये कोविडचा पहिला रुग्ण आढळला आणि 23 डिसेंबरला लसीकरण सुरू झाले. पुढल्या वर्षी उद्योगक्षेत्रातील कामगारांसाठी दिवसाला 25,000 मात्रा देऊ शकणारे केंद्र उभे राहिले; पूर्ण क्षमतेने चालल्यास तितक्याच सुया रोज डब्यांत पडावयाच्या. डबा तीनचतुर्थांश भरताच बंद करावा, वापरलेल्या सुईवर टोपण पुन्हा चढवू नये, हे नियम अशा गर्दीत पाळले जातात की नाही यावरच पिशवी वाहणाऱ्याची सुरक्षितता अवलंबून असते. त्याला कंत्राटदाराने नेमलेले असो वा रुग्णालयाने, हेपॅटायटिस बीच्या लशीच्या तीन मात्रांची नोंद दप्तरी झाल्याखेरीज त्याच्या हाती पिशवी देऊ नये, अशी सक्त तरतूद प्रत्येक करारनाम्यात असलीच पाहिजे.