शालेय इनफिल्डरची पारख : गैरसमज आणि वस्तुस्थिती

अमेरिकेतील व्यावसायिक बेसबॉल संघांचे स्काउट, म्हणजे होतकरू खेळाडू हेरून त्यांच्याविषयी संघाला अहवाल देणारे जाणकार, दर वसंत ऋतूत हायस्कूलच्या मैदानांवर जाऊन सोळा ते अठरा वर्षांच्या मुलांचा खेळ न्याहाळतात. त्यांतील इनफिल्डर म्हणजे ९० फूट, अर्थात २७.४ मीटर बाजू असलेल्या चार बेसच्या चौकोनालगत उभे राहून चेंडू अडवणारे खेळाडू : फर्स्ट, सेकंड व थर्ड बेसमन, आणि दुसऱ्या व तिसऱ्या बेसच्या मधली जागा सांभाळणारा शॉर्टस्टॉप. या मुलांविषयी पालकांत आणि प्रेक्षकांत रूढ असलेले बरेचसे समज सामन्यातील आकडे आणि अंगचे कौशल्य यांची गल्लत केल्यामुळे निर्माण होतात. स्काउट मात्र कृती कशी घडली आणि ती पुढे कुठवर वाढेल, हे पाहतो. त्यासाठी २० ते ८० गुणांची पट्टी वापरली जाते. तीत ५० म्हणजे मेजर लीगमधील, अर्थात सर्वोच्च व्यावसायिक पातळीवरील सरासरी दर्जा असून फलंदाजी, फटक्याची ताकद, धावण्याचा वेग, क्षेत्ररक्षण आणि फेक या पाच अंगांना सद्यःस्थितीचे व संभाव्य असे वेगवेगळे गुण दिले जातात.

गैरसमज : ज्याच्या चुका कमी, तो इनफिल्डर चांगला.

वस्तुस्थिती : सामान्य प्रयत्नाने साधायला हवा होता तो चेंडू निसटला किंवा फेक भरकटली, की गुणलेखक ‘एरर’ नोंदवतो, पण जो चेंडूपर्यंत पोहोचतच नाही, त्याच्या नावावर सहसा एररही लागत नाही. साहजिकच, जास्त चेंडू गाठणाऱ्या चपळ मुलाच्या खात्यात जास्त चुका दिसू शकतात. १९९२च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ आळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्या प्रक्रियेत, मिशिगनमधील कॅलमझू येथील हायस्कूलमधून सहाव्या क्रमांकावर निवडले गेलेले शॉर्टस्टॉप डेरेक जीटर यांनी १९९३ साली कनिष्ठ लीगच्या एकाच हंगामात ५६ एरर केले, आणि तरीही १९९६ मध्ये ते मेजर लीगच्या दोन विभागांपैकी एक असलेल्या अमेरिकन लीगचे सर्वोत्तम नवोदित ठरले. पुढे त्यांच्या चुका कमी झाल्या आणि क्षेत्ररक्षणासाठीचा गोल्ड ग्लोव्ह पुरस्कार त्यांना पाच वेळा मिळाला. मात्र त्यांची चेंडू गाठण्याची कक्षा मर्यादित असल्याची टीका अनेक विश्लेषकांनी केली. चुकांचा आकडा दोन्ही बाजूंनी फसवू शकतो, हे या एकाच कारकिर्दीतून दिसते.

गैरसमज : फेकीचा वेग मोजला की हाताची पारख झाली.

वस्तुस्थिती : उजव्या हाताने खेळणारा सरासरी मेजर लीग फलंदाज फटका मारल्यापासून सुमारे ४.३ सेकंदांत पहिला बेस गाठतो. डावखुरा बेसच्या बाजूला उभा असल्याने त्याला सुमारे ४.२ सेकंद पुरतात. त्याला बाद करायचे तर चेंडूकडे धाव, तो अडवणे, ग्लोव्हमधून हातात घेणे आणि फेक हे सारे एवढ्या वेळात उरकावे लागते. हवेचा रोध बाजूला ठेवला, तर १२० फुटांवरची ताशी ८० मैलांची फेक सुमारे १.०२ सेकंदांत आणि ताशी ९० मैलांची सुमारे ०.९१ सेकंदांत पोहोचते. म्हणजे ताशी दहा मैलांच्या फरकाने वाचतो तो सेकंदाचा जेमतेम नववा हिस्सा, आणि चेंडू हातात घेताना झालेली एक चाचपड किंवा फेकीपूर्वी टाकलेले एक अनावश्यक पाऊल तेवढा वेळ सहज खाऊन टाकते. म्हणून जाणकार स्काउट रडारवरील आकड्याइतकेच मुलाच्या पायांकडे लक्ष देतो. पिचरचा, म्हणजे फलंदाजाकडे चेंडू टाकणाऱ्याचा, चेंडू फलंदाजापाशी पोहोचताना मुलगा हलकी उडी घेऊन सज्ज होतो का, ग्लोव्ह जमिनीशी ठेवून तो खालून वर नेतो का, अवघड टप्प्याची वाट पाहत थांबण्याऐवजी पुढे सरकून सोपा टप्पा साधतो का, आणि शरीरापलीकडून उलट्या हाताने चेंडू उचलल्यावर तोल सावरून फेकतो का, या गोष्टी सामन्याआधीच्या सरावातही स्पष्ट दिसतात.

गैरसमज : वेगाने धावणारा मुलगा आपोआप चांगला क्षेत्ररक्षक होतो.

वस्तुस्थिती : चाचणी शिबिरांत ६० यार्डांची, म्हणजे सुमारे ५५ मीटरची सरळ धाव मोजली जाते, इनफिल्डरला मात्र पहिली दोन-तीन पावले योग्य दिशेने आणि योग्य क्षणी टाकावी लागतात. बाल्टिमोर ओरिओल्सचे थर्ड बेसमन ब्रूक्स रॉबिन्सन यांनी २३ हंगामांत अवघे २८ बेस चोरले, म्हणजे पिचर चेंडू टाकत असताना धावून पुढचा बेस घेतला, एवढा त्यांचा वेग बेताचा होता. तरीही १९६० ते १९७५ या काळात त्यांनी सलग १६ गोल्ड ग्लोव्ह मिळवले. वेगाचा उपयोग आहेच, विशेषतः शॉर्टस्टॉपला; पण अंदाज आणि पहिले पाऊल यांची उणीव तो भरून काढत नाही.

गैरसमज : शरीरयष्टीवरून जागा ठरते, आणि शाळेतला शॉर्टस्टॉप पुढेही शॉर्टस्टॉपच राहतो.

वस्तुस्थिती : शाळेच्या संघात सर्वांत कुशल मुलाला बहुधा शॉर्टस्टॉपला उभे करतात, त्यामुळे पुढे इतर जागी खेळणारे अनेक जण तिथूनच येतात. १९९० साली पहिल्या क्रमांकावर निवडलेले चिपर जोन्स शॉर्टस्टॉप होते, पण त्यांनी नाव कमावले ते थर्ड बेसवर. याउलट ६ फूट ४ इंच उंचीचे कॅल रिपकिन ज्युनियर शॉर्टस्टॉपला टिकणार नाहीत, ही शंका त्यांनी वर्षानुवर्षे तिथे खेळून खोटी ठरवली. साडेपाच फुटांच्या आसपास उंची असलेले व्हेनेझुएलाचे सेकंड बेसमन होसे आल्तुवे २०१७ मध्ये अमेरिकन लीगचे सर्वांत मौल्यवान खेळाडू ठरले. त्यामुळे अहवालात मुलाच्या आजच्या जागेबरोबर, अंग भरल्यानंतर तो कोणत्या जागी शोभेल, याचाही विचार असतो.

गैरसमज : शालेय सामन्यांतील फलंदाजीची सरासरी पुरेशी बोलकी असते.

वस्तुस्थिती : शालेय हंगाम छोटा असतो, पिचरांचा दर्जा कमालीचा असमान असतो आणि बहुतेक मुले धातूची किंवा संमिश्र पदार्थांची बॅट वापरतात, तर व्यावसायिक बेसबॉलमध्ये लाकडी बॅट सक्तीची आहे. स्काउट म्हणूनच सरासरी बाजूला ठेवून वेगवान आणि वळणाऱ्या चेंडूंवर मुलाची बॅट कशी फिरते, वाईट चेंडू तो सोडतो का आणि लाकडी बॅटने तसाच फटका बसतो का, हे तपासतो.

गैरसमज : एका दिवसाच्या चाचणीत, किंवा ड्राफ्टच्या एका फेरीत, भवितव्य ठरते.

वस्तुस्थिती : एका प्रांताचा स्काउट होतकरू मुलाला पुन्हा पुन्हा पाहतो आणि त्यानंतर वरिष्ठ स्काउट ते मत पडताळतात. २०२१ पासून ड्राफ्ट २० फेऱ्यांचा झाला असून हायस्कूलनंतर महाविद्यालयात खेळून पुन्हा निवडीला पात्र होण्याची वाट खुली असते. डस्टिन पेड्रोया हे ॲरिझोना स्टेट विद्यापीठातून २००४ मध्ये दुसऱ्या फेरीत निवडले गेले आणि २००८ मध्ये अमेरिकन लीगचे सर्वांत मौल्यवान खेळाडू झाले. सोळा-सतरा वर्षांच्या मुलाविषयीचा कोणताही अहवाल हा जाणकाराचा अंदाज असतो, म्हणून पालकांनी व प्रशिक्षकांनी आकड्यांमागे धावण्याऐवजी पावले, हात आणि निर्णय यांच्या रोजच्या सरावाकडे लक्ष द्यावे. मुलाच्या आणि त्याच्या प्रशिक्षकाच्या हाती असते ते तेवढेच.