‘शक्ती’मधलं काय वाचवायचं?

“वकीलबाई, त्या फाशीच्या कायद्याचं पुढं काय झालं हो?” पैठण तालुक्यात बचत गटाच्या बायकांपुढे कायद्याविषयी बोलायला बसलं की हा प्रश्न आल्याशिवाय बैठक उठत नाही. बिडकीनला येतो, पाचोडला येतो, गोदाकाठच्या वस्त्यांवरही येतो. कायद्याचं नाव कुणाला आठवत नाही, फाशी तेवढी आठवते. त्यात त्यांचा काही दोष नाही. डिसेंबर २०२० मध्ये बलात्काराला फाशीपर्यंत शिक्षा सुचवणारं ‘शक्ती’ विधेयक विधिमंडळात आलं तेव्हा बातम्यांचे मथळेही फाशीचेच होते. मी पैठणच्या कोर्टात फौजदारी वकिली करते, बहुतेक वेळा पीडित बाईच्या बाजूने, सरकारी वकिलांना साहाय्य म्हणून. या प्रश्नाचं उत्तर बैठकीत चहा येईपर्यंतच्या वेळात देऊन होत नाही, म्हणून लिहायला बसले.

नोव्हेंबर २०१९ मध्ये हैदराबादजवळ एका तरुण पशुवैद्य मुलीवर अत्याचार करून तिला जाळण्यात आलं. पाठोपाठ आंध्र प्रदेशाने ‘दिशा’ विधेयक मंजूर केलं. फेब्रुवारी २०२० मध्ये आपल्याकडे हिंगणघाटला एका प्राध्यापिकेला भर रस्त्यात पेटवून देण्यात आलं आणि आठवड्याभरात ती गेली. आपणही आंध्रसारखा कायदा करावा, अशी मागणी झाली आणि तत्कालीन गृहमंत्री अनिल देशमुख यांनी दोन विधेयकं मांडली. एकात भारतीय दंड संहिता, फौजदारी प्रक्रिया संहिता आणि मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा पोक्सो कायदा यांत महाराष्ट्रापुरत्या दुरुस्त्या होत्या. दुसरं खास न्यायालयांचं होतं. विधेयकं २१ आमदारांच्या संयुक्त समितीकडे गेली, आणि वर्षभराने, डिसेंबर २०२१ मध्ये, दुरुस्त्यांचं विधेयक दोन्ही सभागृहांत मंजूर झालं.

मंजूर झालं म्हणजे लागू झालं, असा समज गावोगाव आहे. फौजदारी कायदा हा राज्यघटनेच्या समवर्ती सूचीतला विषय, म्हणजे त्यावर दिल्लीही कायदा करू शकते आणि मुंबईही. दोघांचे कायदे एकमेकांच्या आड आले तर दिल्लीचा चालतो. राज्याला आपलाच चालवायचा असेल तर राष्ट्रपतींची संमती घ्यावी लागते. ही संमती किती लांबू शकते याचं उदाहरण घरचंच आहे. गोवंश हत्याबंदीचं महाराष्ट्राचं विधेयक १९९५ मध्ये मंजूर झालं आणि त्याला संमती मिळाली २०१५ मध्ये. ‘शक्ती’ला तर ती मिळालीच नाही. केंद्राकडून हरकती आल्या आणि राज्याने विधेयक मागे घेण्याची भूमिका घेतली. मधल्या काळात, १ जुलै २०२४ पासून, भारतीय न्याय संहिता लागू झाली. ज्या दंड संहितेत दुरुस्ती करायची होती ती दंड संहिताच उरली नाही.

म्हणून बायकांना मी आधी स्पष्ट सांगते: बाई, तो कायदा झालाच नाही.

त्यात फाशीपलीकडे बरंच काही होतं. मूळ मसुद्यात तपासाला १५ दिवस आणि खटल्याला ३० दिवस दिले होते. समितीने तपासाची मुदत वाढवून ३० दिवस केली. अॅसिड हल्ल्याला किमान १५ वर्षं शिक्षा सुचवली होती. फोनवरून, मेसेजवरून, समाजमाध्यमांवरून बाईला छळणं हा वेगळा गुन्हा ठरत होता. पोलिसांनी मागितलेली माहिती मोबाइल किंवा समाजमाध्यमाच्या कंपनीने मुदतीत दिली नाही, तर तीन महिन्यांपर्यंत कैद आणि २५ लाखांपर्यंत दंड होता. राज्यभरात ३६ खास न्यायालयं, खास सरकारी वकील, जिल्ह्याजिल्ह्यात महिला अधिकारी असलेलं तपास पथक, हेही त्यात होतं. बैठकीत हे सगळं वाचून दाखवलं की बायका म्हणतात, “हे तर कुणी सांगितलंच न्हाई.”

आता फाशीविषयी. मी फाशीच्या बाजूची नाही, आणि माझं कारण कोर्टातल्या अनुभवातून आलेलं आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीत बलात्काराच्या दहा गुन्ह्यांपैकी नवाहून अधिक गुन्ह्यांत आरोपी ओळखीचा असतो. शेजारचा असतो, भावकीतला असतो, कधी घरातलाच असतो. आपल्या तक्रारीने हा माणूस फासावर जाणार, असं कळलं की घरातली सगळी वडीलधारी माणसं त्या मुलीभोवती बसतात. “झालं ते झालं, त्याच्या लेकराबाळांकडं बघ” हे वाक्य मी कोर्टाच्या व्हरांड्यात ऐकलेलं आहे. मग जबाब बदलतो, साक्षीदार फितूर होतो आणि आरोपी सुटतो. दिल्लीतल्या २०१२ च्या सामूहिक बलात्काराच्या घटनेनंतर नेमलेल्या न्या. वर्मा समितीने जानेवारी २०१३ मध्ये अहवाल दिला, तेव्हा देशभर संतापाची लाट होती. तरीही त्या समितीने बलात्काराला फाशीची शिफारस केली नाही. मुंबईच्या शक्ती मिल सामूहिक बलात्कार प्रकरणात २०१४ मध्ये तिघांना फाशी झाली होती. उच्च न्यायालयाने २५ नोव्हेंबर २०२१ रोजी दोष कायम ठेवला आणि फाशीऐवजी आजन्म कारावास दिला. त्याच्या पुढच्याच महिन्यात विधिमंडळात ‘शक्ती’ मंजूर झालं.

जन्मठेपेबद्दलही आमच्याकडे एक खास शंका असते, कारण पैठणला खुलं कारागृह आहे. जायकवाडी धरणाच्या काळापासूनचं. शिक्षेची बरीच वर्षं चांगल्या वागणुकीने काढलेले कैदी तिथे शेतीची कामं करतात, आणि कामाच्या दिवसांची त्यांना शिक्षेत सूट मिळते. हे बघत वाढलेल्या बायका विचारतात, “म्हणजे जन्मठेप चौदाच वर्षांची की?” तसं नाही. जन्मठेप ही आयुष्यभराचीच असते. १४ वर्षं हा सरकारने सूट देऊन सोडण्याआधीचा किमान काळ आहे, आणि तोही ज्यांना फाशी होऊ शकली असती अशा गुन्ह्यांसाठी. सोडायलाच हवं असं नाही. शिवाय सामूहिक बलात्कारासारख्या गुन्ह्यांत कायद्यातच ‘उरलेल्या नैसर्गिक आयुष्यापर्यंत’ असे शब्द आहेत. हे समजलं की फाशीचा आग्रह पुष्कळ जणींचा आपोआप सैल होतो.

‘शक्ती’तलं दुसरं एक कलम मला फाशीइतकंच खटकत होतं. खोटी तक्रार केली तर एक ते तीन वर्षं कैद आणि एक लाखापर्यंत दंड. खोट्या तक्रारीला शिक्षा आधीच्या कायद्यात होती, आजच्या न्याय संहितेतही आहे. बलात्काराच्या कायद्यात ते पुन्हा मोठ्या अक्षरात लिहिलं की पहिल्याच दिवशी ठाण्यात किंवा घरात कुणीतरी बाईला म्हणणार, “सिद्ध झालं नाही तर तूच आत जाशील.” आरोपी सुटला म्हणजे तक्रार खोटी होती, असं होत नाही. पुरावा अपुरा पडला, एवढाच त्याचा अर्थ असतो.

पुरावा अपुरा कसा पडतो, हे एका पुडक्यावरून सांगते. बाईची वैद्यकीय तपासणी होते तेव्हा तिचे कपडे, नमुने वेगवेगळ्या कागदी पाकिटांत घालतात. कपडे सावलीत वाळवूनच बांधायचे असतात. ओल्या कपड्याला बुरशी धरली किंवा तो प्लॅस्टिकमध्ये कोंडला तर त्यावरचा पुरावा नासतो. पाकिटाला दोरा, दोऱ्यावर लाख, लाखेवर सील. वर चिठ्ठी, तिच्यावर गुन्हा नंबर आणि सह्या. मग एक शिपाई ते मुद्देमालाचं पुडकं पत्रासह जिल्ह्याच्या ठिकाणी, पन्नासेक किलोमीटरवर, प्रयोगशाळेत पोचवतो आणि पोच आणतो. यातली एक तारीख चुकली, सीलचा ठसा पत्रावरच्या ठशाशी जुळला नाही, पुडकं ठाण्यात चार दिवस का पडून होतं याचं उत्तर नसलं, की उलटतपासणीत बचावाचे वकील नेमकं त्यावरच बोट ठेवतात. त्यात त्यांचं चुकत नाही, ते त्यांचं कामच आहे. पुढे प्रयोगशाळेचा अहवाल, ज्याला आम्ही सीए रिपोर्ट म्हणतो, येईपर्यंत रोजनाम्यात ‘रिपोर्ट अप्राप्त’ एवढंच लिहिलं जातं. तोवर तपास अधिकाऱ्याची बदली झालेली असते, एखादा पंच गाव सोडून गेलेला असतो.

आजचा कायदा वाचला तर मुदती त्यातही आहेत. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत बलात्काराचा आणि पोक्सोचा तपास दोन महिन्यांत पुरा करायचा आहे. वैद्यकीय अहवाल सात दिवसांत तपास अधिकाऱ्याकडे द्यायचा आहे. दोषारोपपत्रानंतर दोन महिन्यांत खटला संपवायचा आहे. तपास कुठवर आला, हे ९० दिवसांत पीडितेला कळवायचं आहे. सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञांनी घटनास्थळी जायचं आहे. गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, कोणत्याही ठाण्याने तो नोंदवून घ्यायचा आहे. शिक्षाही कमी नाहीत: बलात्काराला किमान १० वर्षं, १६ वर्षांखालच्या मुलीच्या बाबतीत किमान २० वर्षं, आणि १२ वर्षांखालच्या मुलीच्या बाबतीत फाशीपर्यंत.

पैठणशी पूर्वापार नातं असलेला एक ग्रंथ मला इथे आठवतो. पैठणहून काशीला गेलेल्या भट्ट घराण्यातल्या नीलकंठ भट्टांनी सतराव्या शतकात ‘व्यवहारमयूख’ लिहिला. पुढे मुंबई उच्च न्यायालय वारसाच्या वादांत तो प्रमाण मानत असे. त्यातला समाजव्यवहार आज आपल्याला मान्य होणार नाही. पण त्याची मांडणी बघण्यासारखी आहे. सभेत कोण बसणार, फिर्याद कशी, उत्तर कसं, लेखी पुरावा कोणता, साक्षीदार कोण चालेल, हे आधी येतं. वेगवेगळे वाद आणि त्यांचे निवाडे त्यानंतर. आपणही शिक्षेआधी कोर्ट आणि पुरावा यांची घडी बसवायला हवी.

बदलापूरच्या शाळेतली लहान मुलींवरच्या अत्याचाराची घटना ऑगस्ट २०२४ मध्ये उघडकीस आली आणि ‘शक्ती कुठे आहे?’ ही मागणी पुन्हा उठली. पुढेही उठेल. तेव्हा आपल्या आमदाराला विचारायचं ते हे: खास न्यायालयं किती उघडली? तिथे पूर्ण वेळ सरकारी वकील आहे का? तालुक्याच्या ठाण्यात महिला उपनिरीक्षक रात्रीही असते का? प्रयोगशाळेत मंजूर पदं किती आणि भरलेली किती? न्यायालयं, वकील, पोलीस, प्रयोगशाळा हे सगळं राज्याच्याच तिजोरीतून चालतं. त्यासाठी नवा गुन्हा लिहावा लागत नाही. ‘शक्ती’तलं वाचवण्यासारखं आहे ते हेच, आणि त्याच्या जोडीला मोबाइल कंपन्यांना मुदतीत बांधणारं कलम. ते मात्र नव्या संहितेच्या चौकटीत पुन्हा लिहून आणावं लागेल. फोनवरून छळाच्या तक्रारी घेऊन येणाऱ्या मुलींची वयं बघितली की त्या कलमासाठी जीव तुटतो.

बैठकीच्या शेवटी मी तीन गोष्टी लिहून घ्यायला सांगते. एक, पीडितेचं नाव किंवा ओळख छापणं, फोनवर पुढे पाठवणं हा दोन वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा आहे, मग पाठवणारा नातलग का असेना. दोन, बाईला सरकारी खर्चाने वकील मिळतो. तिची मिळकत विचारली जात नाही, तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज द्यायचा. तीन, ‘मनोधैर्य’ योजना. ती २ ऑक्टोबर २०१३ पासून आहे आणि तिच्यात १० लाखांपर्यंत अर्थसाहाय्य मिळू शकतं.

खटल्याच्या मुदतीआड येणारं साक्षीदारांचं एक दुखणं आमच्या भागात वेगळंच आहे. दसरा झाला की कुटुंबंच्या कुटुंबं ऊसतोडीला निघतात, ती पाडव्याच्या सुमाराला परततात. तारीख हिवाळ्यात लागली तर समन्सवर ‘बाहेरगावी गेले’ असा शेरा पडून ते परत येतं. साक्षीदार बाई कोल्हापूरच्या फडात पहाटेपासून मोळ्या बांधत असते. एक दिवस साक्षीला यायचं म्हणजे जाण्यायेण्यात तिची दोन-तीन दिवसांची मजुरी बुडते आणि मुकादमाची बोलणी खावी लागतात ती वेगळीच. मुंबईत बसून ३० दिवसांची मुदत लिहिणाऱ्यांनी या बाईचा विचार केलेला नव्हता. मात्र नव्या संहितेच्या ५३० व्या कलमाने साक्ष दूरचित्र माध्यमातून घेता येते. फडाजवळच्या तालुक्याच्या कोर्टात तिने यायचं आणि इथल्या न्यायाधीशांपुढे पडद्यावर बोलायचं. समन्स परत येण्याची वाट न बघता, कुटुंब कुठल्या कारखान्याकडे जाणार हे दसऱ्याआधीच मुकादमाकडून लिहून घ्यावं लागतं, आणि पडद्यावरच्या साक्षीसाठी अर्ज वेळेत द्यावा लागतो. यंदा तारखा बघून मी ते पत्ते गोळा करायला लागले आहे.