पोर्ट १३५ चं दशक

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा आधार थांबवला. त्यानंतर चांगल्या शिकल्यासवरल्या घरांतून एकच प्रश्न कानावर आला, ‘अँटिव्हायरस आहे ना, मग अपडेट कशाला?’ हा प्रश्न मला लागला. वीस वर्षांपूर्वी याचं उत्तर संगणक असलेल्या घरातल्या शाळकरी पोरालाही देता आलं असतं.

फ्लॉपीच्या काळाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. १९८६ मध्ये लाहोरहून निघालेला ‘ब्रेन’ व्हायरस मराठी घरात शिरणार कुठून? घरात संगणकच नव्हता. खरं शिक्षण झालं ते ऑगस्ट २००३ मध्ये, ‘ब्लास्टर’ हा किडा आला तेव्हा. डायलअप जोडावं आणि थोड्याच वेळात पडद्यावर साठ सेकंदांची उलटी मोजणी सुरू व्हावी. मेल उघडलेली नाही, फाइल उतरवलेली नाही, तरी संगणक बंद! विंडोजच्या एका सेवेतल्या चुकीतून, पोर्ट १३५ वरून, तो थेट आत यायचा. अँटिव्हायरसने फाइल पुसली तरी पुन्हा जोडणी केली की हजर, कारण भोक उघडंच होतं. ते बुजवणारा पॅच जुलैतच आला होता.

तिथे तीन कामं वेगळी कळली. अँटिव्हायरस आत आलेली फाइल तपासतो, फायरवॉल कोण जोडणी करू पाहतंय ते बघते आणि अपडेट मुळातली चूक दुरुस्त करतं. एकाचं काम दुसरा करत नाही. तेव्हाच्या विंडोज एक्सपीत फायरवॉल होती, पण ती आपणहून चालू व्हायला ऑगस्ट २००४ चा सर्व्हिस पॅक २ यावा लागला. तीही बाहेरून येणाऱ्यालाच अडवायची. म्हणून आम्ही ‘झोनअलार्म’ टाकायचो. प्रत्येक प्रोग्राम इंटरनेटवर निघाला की ते विचारायचं, जाऊ देऊ का? वैताग यायचा, पण आपल्या यंत्रातून कोण कुठे जातंय हे त्या वैतागानेच दाखवलं.

त्या दशकाचा एक राग अजून गेलेला नाही. संगणक जोडून देणारे कितीतरी जण चोरीची एक्सपी भरायचे आणि चोरी उघडी पडू नये म्हणून अपडेट बंद करून ठेवायचे. मग यंत्र आजारी पडलं की ठरलेलं वाक्य, ‘फॉरमॅट मारावा लागेल.’ त्यात मुलांच्या बारशाचे फोटो गेले, प्रबंध गेले. वर पैसे घेतले ते वेगळेच. झेरॉक्सच्या दुकानातून पेनड्राइव्हवर ‘ऑटोरन’चा किडा घरी यायचा तोही याच हयगयीमुळे. त्याच काळात पुण्याच्या काटकर बंधूंचं ‘क्विक हील’ घरोघरी पोचलं, याचा अभिमान आजही वाटतो.

२०१२ मध्ये विंडोज ८ सोबत अँटिव्हायरस आतच आला. पुढची वर्षं शांत गेली, आणि त्या शांततेत समज गेली. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ या खंडणीखोर किड्याने जग हादरवलं, त्याचाही पॅच मार्चमध्येच निघाला होता. आता तर चोराला भोक शोधावं लागत नाही. पडद्यावर खोटा इशारा येतो, खाली फोन नंबर असतो, पलीकडचा गोड आवाज स्क्रीन दाखवणारं अ‍ॅप टाकायला लावतो. जोडणी आतून, मालकाच्याच हाताने झालेली. फायरवॉल ती सहसा अडवत नाही. हे कुणी ज्येष्ठांना समजावून सांगत नाही. ‘ओटीपी देऊ नका’ एवढं बजावलं की बँकांचं काम संपतं, आणि अँटिव्हायरस विकणारे नूतनीकरणासाठी भीतीच्या खिडक्या उघडत राहतात.

आज घरी ‘विंडोज सिक्युरिटी’ उघडा. फायरवॉल चालू आहे का, शेवटचं अपडेट कधी आलं, ते आईवडिलांना शेजारी बसवून दाखवा. राउटरचा मूळ पासवर्ड बदला. ज्या यंत्राला अपडेट मिळत नाहीत त्यावर बँकेचे व्यवहार करू नका. आणि पैसे गेलेच, तर लाजत बसू नका. त्याच क्षणी १९३० या सायबर फसवणुकीच्या मदतक्रमांकावर फोन करा.