कोल्हापूरची अक्षरे किती?

'कोल्हापूर' या नावात अक्षरे किती? को, ल्हा, पू, र. चार. मात्रा मोजल्या तर सात, आणि आम्हा छंदात लिहिणाऱ्यांचा हिशेब तिथे संपतो. पण 'सी' या संगणकाच्या भाषेत नावाची लांबी विचारली, तर बहुतेक वेळा उत्तर येते २७!

उत्तर चुकलेले नाही, माप वेगळे आहे. अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत डेनिस रिची यांनी १९७२ च्या सुमारास 'सी' घडवली, तेव्हा इंग्रजीचे एक अक्षर स्मृतीच्या एका खणात, म्हणजे एका बाइटमध्ये, मावत असे. 'सी' आजही खणच मोजते. युनिकोडच्या 'यूटीएफ-८' या प्रचलित पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३ खण लागतात, आणि चिन्ह म्हणजे आपले अक्षर नव्हे. एकट्या 'ल्हा'ची चिन्हे चार : ल, पाय मोडल्याची खूण, ह आणि काना. अशी नावाची चिन्हे होतात ९ आणि खण २७. मजकूर संपला हे सांगणारे शून्य अठ्ठाविसाव्या खणात.

समजा, गावाच्या नावासाठी कोणी १० खण राखले. रोमन लिपीतले कोल्हापूर शून्यासह ९ खणांत बसते. चाचणीही पार पडते. पुढे तेच नाव कोणी मराठीत भरले, की साध्या नकलेच्या आज्ञेने उरलेले १८ खण शेजारच्या जागेत घुसतात. तिथे कोणाची रक्कम असेल, कोणाचा खाते क्रमांक असेल, 'सी' विचारत नाही. जपून लिहिणाऱ्याने मर्यादा घातली असेल तर नाव कापले जाते आणि गाव उरते नुसते 'कोल'.

हे घुसणे किरकोळ नाही. नोव्हेंबर १९८८ मध्ये 'मॉरिस वर्म' या उपद्रवी प्रोग्रॅमने इंटरनेटवरची हजारो यंत्रे बेजार केली. त्याची एक वाट हीच होती : 'गेट्स' ही आज्ञा, जी किती मजकूर येतो आहे हे न बघता तो आत घेते. ती 'सी'च्या प्रमाणातून हद्दपार व्हायला २०११ साल उजाडले. आपल्याकडची कितीतरी मुले नागपूरच्या यशवंत कानेटकरांच्या 'लेट अस सी'वर ही भाषा शिकली. ते ऋण मोठेच. पण परीक्षेपुरते शिकणारा मुलगा चाचणीला इंग्रजी नावच देतो, ही माझी तक्रार.

आता मदतनीस आले आहेत. कंपायलरला 'ॲड्रेस सॅनिटायझर' जोडला, तर खण ओलांडणारी ओळ तो चाचणीतच पकडून देतो. लिनक्सच्या गाभ्यात २०२२ मध्ये 'रस्ट' ही, अशी घुसखोरी सहसा होऊ न देणारी भाषा आली. तरी तो गाभा बहुतांशी 'सी'तच आहे, आणि २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'सी'च्या नव्या प्रमाणानेही खण मोजण्याचे काम लिहिणाऱ्यावरच ठेवले आहे.

राहिला नुक्ता. उर्दू शब्द नागरीत लिहिताना काहीजण 'ज'खाली टिंब देतात. युनिकोडमध्ये हा 'ज़' दोन तऱ्हांनी लिहिता येतो : एकच चिन्ह, किंवा 'ज' आणि वेगळा नुक्ता. डोळ्यांना फरक दिसत नाही. 'सी'ची साधी तुलना मात्र एकीकडे ३ खण पाहते, दुसरीकडे ६, आणि दोन्ही वेगळे ठरवते. एका यादीत नोंदलेली 'रज़िया' मग दुसऱ्या यादीत सापडत नाही. खिडकीपलीकडचा कारकून पडदा वळवून दाखवतो, नाव तर बरोबरच लिहिले आहे!