रक्त थांबल्यानंतरची गोळी

विल्यम वॉनलेस यांनी १८९४ साली मिरजेत मिशन रुग्णालय उभारल्यापासून सांगली-सातारा आणि सीमाभागातील रुग्ण अवघड दुखण्यासाठी मिरज गाठत आले आहेत, आणि आज कराडलाही मोठ्या उपचारांची सोय आहे. परंतु अल्सरेटिव्ह कोलायटिस, म्हणजे मोठ्या आतड्याच्या अस्तराला सूज येऊन व्रण पडण्याचा दीर्घकालीन आजार, याचे निदान तेथे झाले तरी औषधांचा पुढचा सगळा कारभार घरात आणि गल्लीतल्या मेडिकलमध्येच चालतो. शौचातून रक्त व शेम पडत असल्याने हा आजार आधी रक्ती आव किंवा मूळव्याध समजला जातो, आणि आव जशी औषधाचा कोर्स संपला की जाते तसेच याचेही असेल, हा समज निदानानंतरही सुटत नाही.

सौम्य व मध्यम आजारात मेसालामाइन हे मुख्य औषध असून ते अस्तराची सूज उतरवते आणि रक्त थांबल्यावर ती पुन्हा चढू देत नाही. म्हणूनच बरे वाटू लागल्यावरही ते चालू ठेवावे लागते. त्याच्या अनेक गोळ्यांवरचे आवरण लहान आतड्याच्या शेवटाकडे विरघळेल असे बनवलेले असते, त्यामुळे गोळी मोडून किंवा कुटून घेतल्यास औषध भलत्याच जागी सुटते. आजार गुदाशयापुरता असेल तर तेथे ठेवायची बत्ती किंवा एनिमा अधिक गुणकारी ठरतो, पण संकोचापायी नेमका तोच टाळला जातो.

खरा धोका प्रेडनिसोलोनसारख्या स्टेरॉइडचा. आजार उसळला असता हे औषध चांगला गुण देते, आणि म्हणूनच जुनी चिठ्ठी दाखवून तीच स्ट्रिप पुन्हा आणण्याचा मोह होतो. मात्र ते आजार कायम आटोक्यात ठेवत नाही, उलट दीर्घकाळ घेतल्यास हाडे ठिसूळ होतात, रक्तातील साखर वाढते आणि मूत्रपिंडावरील अधिवृक्क ग्रंथी स्वतःचे कॉर्टिसोल बनवणे कमी करतात. अशा वेळी ‘गोळी गरम पडते’ म्हणून ती एकदम बंद केली तर उलट्या, टोकाचा अशक्तपणा आणि रक्तदाब उतरणे असे जिवावरचे प्रसंग ओढवतात, म्हणून डॉक्टर मात्रा आठवड्या-आठवड्याने उतरवत नेतात.

याच आजारात दिले जाणारे अॅझाथायोप्रिन रोगप्रतिकारशक्ती दाबते. भारतीयांपैकी काहींच्या अंगी असलेल्या जनुकीय फरकामुळे त्याने रक्तातील पांढऱ्या पेशी झपाट्याने घटू शकतात, त्यामुळे सुरुवातीच्या आठवड्यांत रक्ततपासणी चुकवणे परवडत नाही, आणि केस भराभर गळू लागले किंवा ताप आला तर पुढच्या तारखेची वाट पाहू नये. युरिक अॅसिडसाठी दिले जाणारे अॅलोप्युरिनॉल त्यासोबत घेतल्यास हाच धोका कितीतरी वाढतो. इन्फ्लिक्सिमॅब किंवा टोफासिटिनिब सुरू करण्यापूर्वी सुप्त क्षयरोगाची तपासणी अनिवार्य मानली जाते. ऊसतोडीच्या दिवसांत अंग ठणकले की सहज घेतली जाणारी डायक्लोफेनॅकची गोळीही आजार चाळवू शकते, हे मेडिकलवाल्याला आजाराचे नाव सांगितल्याशिवाय कळणार कसे?

सांगलीच्या बाजारपेठेत हळदीचा विषय टळणे कठीण. हळदीतील कुर्क्युमिनचा उपयोग जपानमध्ये तपासला गेला आणि २००६ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत रोज २ ग्रॅम कुर्क्युमिन घेणाऱ्यांत आजार उलटण्याचे प्रमाण कमी आढळले. परंतु हळदीत ते साधारण ३ ते ५ टक्केच असल्याने तेवढ्यासाठी रोज ४० ते ६७ ग्रॅम हळद खावी लागेल, आणि त्या चाचणीत मेसालामाइन किंवा सल्फासॅलाझिन यांपैकी एक औषध प्रत्येक रुग्णाला चालूच होते.