आकाशातील घड्याळे आणि शेताचा बांध

शेताचा बांध हा ग्रामजीवनातील अत्यंत नाजूक विषय होय. हद्दीचा दगड हलला की पिढ्यान्‌पिढ्यांचे सख्य तुटते. ज्या मोजणी पद्धतीवर सोलापूर परिसरातील जमिनीचे दप्तर उभे राहिले, तिचा पाया लगतच्या इंदापूर तालुक्यात १८३६ च्या सुमारास गोल्डस्मिड व विंगेट या अधिकाऱ्यांनी घातला. तेहतीस फुटी साखळी हे या मोजणीचे प्रमुख साधन. एक साखळी लांब व एक साखळी रुंद जागा म्हणजे एक गुंठा. आज साखळीची जागा ‘रोव्हर’ हे उपग्रहाधारित यंत्र घेत आहे.

या विद्येचा उगम ४ ऑक्टोबर १९५७ रोजी सोव्हिएत रशियाने सोडलेल्या स्पुटनिक उपग्रहात आहे. त्याच्या रेडिओ संदेशातील बदलांवरून त्याची कक्षा निश्चित करता येते, असे अमेरिकी शास्त्रज्ञांना आढळले. मग कक्षा ठाऊक असल्यास संदेश ऐकणाऱ्याचे स्थानही कळावयास हवे, या विचारातून ‘ट्रान्झिट’ प्रणाली निर्माण झाली. पुढे ‘जीपीएस’चा पहिला उपग्रह १९७८ मध्ये सोडण्यात आला व १९९५ मध्ये ती प्रणाली पूर्णत्वास गेली. परकीय प्रणालीवर सर्वस्वी विसंबून राहणे इष्ट नव्हे, हे जाणून भारताने २०१३ पासून स्वतःचे दिशादर्शक उपग्रह सोडले. २०१६ मध्ये या प्रणालीस ‘नाविक’ हे नाव मिळाले. २०२३ मध्ये सोडलेल्या उपग्रहात प्रथमच स्वदेशी आण्विक घड्याळ बसविण्यात आले.

घड्याळास एवढे महत्त्व का? उपग्रहाचा संदेश पोहोचण्यास लागलेल्या वेळावरून अंतर काढले जाते. वेळेत सेकंदाच्या दशलक्षांश भागाची चूक झाली, तर अंतरात सुमारे ३०० मीटरची चूक होते. तीन उपग्रहांवरून स्थान कळते; चौथा उपग्रह जमिनीवरील यंत्राच्या घड्याळाची चूक काढण्यासाठी लागतो.

तरीही साध्या मोबाईलवरील स्थानात काही मीटरचा फरक राहतो. गुंठ्याची बाजूच जेमतेम दहा मीटरची. तेव्हा असा फरक बांधाच्या मोजणीस चालणारा नाही. यास्तव भारतीय सर्वेक्षण विभागाने कायम संदर्भ केंद्रे उभारली आहेत. स्वतःचे अचूक स्थान ठाऊक असल्याने ही केंद्रे संदेशातील चूक ओळखून दुरुस्ती कळवितात. त्यायोगे रोव्हरची अचूकता काही सेंटिमीटरपर्यंत येते.

मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवावयास हवी. बिंदू कोठे आहे, एवढेच यंत्र सांगते. जमीन कोणाची, हे सांगत नाही. त्यासाठी मूळ अभिलेख, लगतच्या खातेदारांना नोटीस व त्यांची उपस्थिती यांना पर्याय नाही. हद्दीच्या खुणा जपण्याची जबाबदारीही जमीन महसूल संहिता, १९६६ अन्वये खातेदारावरच आहे. मोजणीच्या दिवशी दोन्ही बाजूंच्या शेतकऱ्यांना बांधावर एकत्र आणणे, हे काम कोणत्याही उपग्रहाचे नव्हे. ते गावच्या पंचायतीचे आहे.